जनरल रजिस्टर

पहिलं नाव सुपडू निंबा पाटील. जन्म एक जून.
खाली बावीस जण, सगळे एक जूनचे.
शाळा तेव्हा जिनिंगच्या गोदामात,
फळा पुसला की डस्टरला कापूस.

मग पांझरेपलीकडे वीज आली, प्रयोगशाळा आली,
गणितात शंभरपैकी शंभर आले,
एकदाच.
त्या पोराच्या फोटोची काच तडकलीय.

ढाल मात्र वैजंताची.
खो-खोच्या अंतिम सामन्यात सहा मिनिटं नाबाद.
‘दमली नाहीस?’
‘डोकावर हंडा थोडाच व्हता, सर.’
शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण
माझ्याच अक्षरात. वाचवत नाही.

आज तिची नात आली प्रवेशाला.
अकरा ऑक्टोबर, दवाखान्याच्या दाखल्यासह.
मी लिहीपर्यंत ती खिडकीतून मैदान बघत होती.
‘काका, दुसरा खांब कुठंय?’