उलट्या पावली

शनिवारची दुपार, जून महिना,
अर्धं बफेलो तळ्यावर पाय बुडवून बसलेलं.
सहाव्या फेरीत त्याचं नाव आलं:
ओत्रेम्बा, कॉर्नेल. बचावपटू.
वाचणाऱ्याने आडनावाची पार वाट लावली,
मग गावाचं नाव वाचताना अडखळला,
कारण संघाचं गाव आणि पोराचं गाव एकच.

मी दुकानात होतो. चाकाला कुणाची तरी स्केट लावलेली.
बटण बंद केलं तरी चाक लगेच थांबत नाही,
ते थांबेपर्यंत
शेजारच्या लॉन्ड्रीतून आरोळी आलीच.

पिकतं तिथं विकत नाही,
हे या शहराला कुणी शिकवावं लागलं नाही.
पोलाद पिकलं, भट्ट्या विझल्या.
नदीकाठी धान्याची कोठारं उभी आहेत, आत कबुतरं.
पोरं पिकली, ती शार्लटला गेली, फिनिक्सला गेली,
नाताळला येतात आणि
बर्फाला शिव्या देत विमानतळ गाठतात.

त्याची पहिली स्केट माझ्याकडे आली
ती बहिणीची, हॅलिनाची. पांढरी, नाचाची.
बापाने पुढचे दाते कानशीने घासून काढलेले,
वर काळं बूटपॉलिश.
पोराचे मोजे वर्षभर काळे.
बाप महापालिकेची बर्फ लोटायची गाडी चालवायचा.
रात्रभर लोकांचे रस्ते मोकळे करून घरी यावं,
तर स्वतःच्या दाराशी कमरेएवढा बांध,
त्याच्याच गाडीने लोटलेला.
फावडं घेऊन पोरगं आधीच उभं असायचं.

गोल करणारे समोर बघून पळतात, त्यांचं काय.
बचावपटू उलटा पळतो.
तोंड येणाऱ्याकडे, पाठ घराकडे.
जे राखायचं ते त्याला दिसतच नाही.
लहानपणी रिकाम्या रिंकवर
निळ्या रेषेपासून मागे मागे जाताना मी त्याला पाहिलंय.
दर वेळी खांबाच्या वीतभर आधी थांबायचा.
कसं कळतं, विचारलं तर म्हणाला,
थंडी बदलते तिथे.
मला काही ते पटलं नाही.

पात्याला दोन धारा असतात,
लोकांना एकच वाटते.
मधे पन्हळ. ती किती खोल, यावर सगळं.
उथळ ठेवली तर माणूस सरकतो, कधी घसरतो.
खोल गेली तर पातं बर्फ असा धरतं
की सोडत नाही.
कॉर्नेलची मी नेहमी उथळच ठेवली.
धरून ठेवायला गाव आहेच.

सहाव्या फेरीतले बहुतेक वर पोचत नाहीत,
हे मला माहीत आहे, लॉन्ड्रीवाल्यालाही.
परक्या शहरात हरलेला माणूस फोनवर हरतो.
हा हरला तर बेकरीच्या रांगेत हरेल,
दाताच्या डॉक्टरपुढे आ वासून हरेल,
रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर
कुणाची तरी मावशी त्याच्या खांद्यावर हात ठेवेल,
आणि तो हात भारी पडेल.

आई रात्रपाळीची नर्स. दुपारी झोपलेली.
हॅलिनाने उठवून सांगितलं.
तिने विचारलं, कुठे जावं लागणार?
कुठेच नाही.
मग ती पुन्हा झोपू शकली नाही.

संध्याकाळी तो आला, स्केट्स खांद्यावर.
पुढच्या महिन्यात संघाचं शिबिर, म्हणाला,
इथून चार मैलांवर.
मी पाती लावली चाकाला.
तो बोलत राहिला, चाकाच्या आवाजात
मला अर्धं ऐकू आलं, अर्धं त्यालाही.
पैसे पुढे केले. घेतले. सुटे परत दिले.
त्या दिवशी ते न घेणं बरं दिसलं नसतं.

जाताना अजून बोलतच होता,
माझ्याकडे तोंड करून, मागे मागे,
डब्यांची रास चुकवली, बाक चुकवलं,
उंबऱ्यावर पाऊल नेमकं उचललं
आणि पाठीनेच दार ढकलून
रस्त्यावर गेला.