आबदीनमधला चौकटवाला

हदीर पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा
काखेत गुंडाळी, नखांत डांबर.
म्हणाली, उस्ता सिदकी, याला चौकट कर.
माप घ्यायला उलगडलं
तर माझ्या मेजावर वाळू सांडली.

चाळीस वर्षं मी चौकटी करतोय:
आजोबांचे फोटो, लग्नांचे फोटो, आयती,
नाईलवरच्या होड्यांची तीच ती संध्याकाळ.
काठाला काठ लागला पाहिजे, एवढंच माझं शास्त्र.
हिच्या चित्राला काठच नव्हता.
एकीकडे पिठाच्या पोत्याचं सूत लोंबत होतं,
दुसरीकडे कुणाच्या सदऱ्याची बाही
आणि बाहीवर इस्त्रीचा करपलेला ठसा,
नावेच्या तळासारखा.

बाप इम्बाबात इस्त्री करतो, ती म्हणाली,
पायाने.
लोखंडाचं धूड, लांब दांडा, वर पाऊल.
एकदा पाऊल चुकलं.
गिऱ्हाइकाने पैसे कापले, सदरा तोंडावर फेकला.
तो मी धुतला नाही.

कॉलेजातल्या सरांनी विचारलं होतं,
हे पेंटिंग आहे की धोब्याचा हिशेब?
ती म्हणाली, हो.
गुण कापले गेले.
घरात कापून घ्यायची सवय होतीच.

मग पुलासाठी पाडलेल्या घरांपाशी
ती सकाळी सकाळी जाऊ लागली.
अर्ध्या खोल्या उघड्यावर, खुंटीला अजून कॅलेंडर.
पोपडे काढून चहाच्या डब्यात भरायची.
वर गुलाबी, खाली पिस्ता, त्याखाली निळा, मग चुना,
एकेक हात एकेका लग्नाआधी दिलेला.
डिंक, काळा चहा, रेशनकार्डाची झेरॉक्स,
सगळं थरावर थर लावायची,
वाळलं की पत्र्याने खरवडायची.
पोरी, मग लावतेस कशाला?
खरवडूनही काय हटत नाही ते बघते, म्हणाली,
आणि माझी करवत उसनी घेऊन गेली.

एक चित्र दातांच्या डॉक्टरने घेतलं, हप्त्यांनी.
एक बैरूतला गेलं, भिजून परत आलं.
त्या डागाला तिने नाव दिलं
आणि किंमत वाढवली.
माझी उधारी मात्र तेव्हाच फिटली, खोटं का बोला.

गेल्या हिवाळ्यात तिचं स्वतःचं प्रदर्शन.
तिसरा मजला, लिफ्ट बंद.
बाप नवे बूट घालून जिने चढला,
मोठ्या चित्रासमोर उभा राहिला.
गॅलरीतली मुलगी काहीतरी समजावत होती,
तो मान डोलावत होता,
आणि त्याचा तळहात आपसूक पुढे गेला,
डावीकडून उजवीकडे,
कापडावरची चुणी मोडायला.

हात लावू नका! रखवालदार धावला.

म्हाताऱ्याने हात मागे घेतला.
बोटाला निळा पोपडा चिकटून आला होता,
नखाएवढा.
कुणाला परत द्यावा कळेना.
इकडे तिकडे पाहिलं
आणि गिऱ्हाइकाचं तुटलेलं बटण ठेवतात तसा
जपून वरच्या खिशात ठेवला.