रुमालाखालचा भाव

हळदीच्या सौद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत.
हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं बोलतात:
एक पेर दाबलं तर इतके,
तळव्यावर नख ओढलं तर राहू दे, उठतो मी.
गुरुपादाप्पा शेट्यांचा रुमाल लाल चौकटीचा.
बावीस वर्षं मी त्यांचा दिवाणजी,
पण त्या रुमालाखाली काय ठरलं
हे मला वहीत उतरवतानाच कळायचं.

चौऱ्याहत्तरला आप्पा सांगलीचे नगराध्यक्ष झाले.
हमालांनी हळद उधळली,
गणपती पेठ तीन दिवस शिंकत होती.
पालिका त्यांनी पेढीसारखी चालवली.
सकाळी आठला हजर. गटारीचा हिशेब पैशापर्यंत.
एका ठेकेदारानं चांदीची समई आणली, तर ती परत केली
आणि परत केल्याची पोच घेतली.

पुढच्या जूनपासून रेडिओला एकच घसा उरला.
छापखान्याचे कुरणे मास्तर पहाटे उचलले गेले.
फौजदारानं त्यांना चहा संपवू दिला,
हे आम्ही एकमेकांना कौतुकानं सांगत होतो.
पालिकेत अभिनंदनाचा ठराव आला.
आप्पांनी हात वर केला.
तो हात मी पहिल्यांदाच
रुमालाशिवाय पाहिला.

मग आकडा आला.
तीनशे नसबंद्या, मार्चअखेर.
मार्चअखेर हा तर आम्हा व्यापाऱ्यांचा शब्द.
"कमी करून घेऊ," आप्पा म्हणाले,
"कुठला आकडा कमी होत नाही?"
साहेबांच्या बंगल्यावर मी दाराशी, पिशवी धरून.
आप्पांनी खुर्ची पुढे ओढली, खिशातून रुमाल काढला
आणि साहेबांच्या हातावर टाकला.
सवयच ती.
साहेब तरुण, उत्तरेकडचा.
त्याला वाटलं, घाम पुसायला दिलाय.
कपाळ पुसलं, घडी घालून परत केला.
"थँक्यू. तीनशे."

येताना टांग्यात आप्पा एकदा हसले.
नंतर नाही.

यादी माझ्या अक्षरात आहे.
तोलणारे, झाडूवाले, जकात नाक्यावरचे शिपाई,
मग आमचीच हजेरीवही.
एकशे सत्त्याहत्तरावर दादू ऐवळे.
लग्नाला दोन वर्षं, घरात पाळणा नाही.
माझा टाक थांबला. आप्पांनी पाहिलं.
"लिहा," म्हणाले, "नंतर बघू."
नंतर ट्रक आला.
चौथ्या दिवशी दादू पोती उचलायला हजर,
हातात तुपाचा डबा, न उघडलेला.
पोतं पाठीवर घेताना तो 'हुं' करायचा.
आता करत नव्हता.

हरिपूरला हळद पेवात ठेवतात, जमिनीच्या पोटात.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं,
कोंडलेली हवा माणूस गिळते.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
निवडणुकीचा निकाल लागला त्या महिन्यात
आमचं पेव उघडलं.
आप्पा आता कशाचेच अध्यक्ष नव्हते,
सौद्यात त्यांच्या रुमालाखाली कुणी हात घालत नव्हतं.
दादूनं कंदील सोडला. विझला.
दुपारी सोडला. विझला.
दिवस कलताना टिकला.
"उतरू?"
"थांब. मी जातो."
अडुसष्टचा माणूस. कुणी अडवलं नाही.
मीही.
बराच वेळ खालून आवाज नाही.
मग पहिली पाटी वर आली:
ना कीड, ना बुरशी,
पेवात घातली होती तशीच हळद.

त्या रात्री आप्पांनी वही काढायला लावली.
"माझ्या नावे टाका."
किती, म्हणून विचारलं.
त्यांनी माझा हात ओढला, वर रुमाल टाकला,
आणि त्यांची बोटं काहीतरी सांगत राहिली,
एक पेर, मग तळवा, मग पुन्हा तेच पेर.
मी कारकून माणूस.
बोटांचं मला कुणी शिकवलं नव्हतं.
मान हलवली, लिहिल्यासारखं केलं.

आप्पा गेले. वही माझ्याकडे आहे.
नाव आहे, तिथी आहे,
आकड्याची जागा
अजून कोरी.