दिवसाचा दिवस

अकरा वर्षं मी बदली ड्रायव्हर होते.
कुणाची बायको बाळंत झाली, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन,
की फोन यायचा: यास्ना, आज रात्री.
कधी चार रात्री, कधी सात, मग दोन दिवस, परत एक रात्र,
पत्ते पिसावेत तशा.
अंतोफगास्ताहून कंपनीची बस डोंगर चढायची
आणि मी तांब्याच्या खड्ड्यात उतरायचे,
ट्रक नंबर सत्तेचाळीस,
चाकाशेजारी उभी राहिले तर मी त्याच्या निम्मी.

रात्रीचा दिवस करणं मला जमत होतं.
आता दिवसाचा दिवस करायचाय,
ते जड जातंय.

एप्रिलपासून वर्कशॉप, आठ ते पाच.
दवाखान्यातल्या बाईंनी कागद दिला:
रोज अर्धा तास अलीकडे सरका.
उठल्या उठल्या उन्हात उभ्या राहा.
दुपारनंतर कॉफी नको.
मी विचारलं, आणि पहाटे तीनला काय करू?
त्या म्हणाल्या, काही करू नका.
ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.

रविवारी खिडकीवरची फॉइल सोलली.
गोंद काचेवर राहिला, सुरीनं खरवडला.
ऊन आत आलं, आणि मला कळलं
आमची भिंत हिरवी आहे.
मी इतकी वर्षं निळी समजत होते.

गॅसवाला दोन रामिरो गल्लीत येतो,
सिलिंडरवर पाना आपटत, सगळ्यांना उठवत.
एकदा मी खिडकीतून त्याला अशी काही बोलले होते
की तेव्हापासून आमच्या दारासमोर
तो पाना खिशात घालतो, चार घरं पुढे जाऊन परत काढतो.
मी अजून त्याला सांगितलेलं नाही.
सांगायला हवं.

तीन वाजता पोटात डब्याची भूक उभी राहते.
पांघरुणाखाली उजवा पाय ब्रेक शोधतो.
बाजूला एलिसेओ,
दहाला आडवा, सहाला उभा,
कधी चुकत नाही.
मला त्याचा राग येतो. विनाकारण,
म्हणजे कारण आहे, पण ते त्याचं नाही.
मी दिवसा घेतलेली झोप उसनी होती,
पाणी घातलेल्या दुधासारखी,
आणि ही त्याची घट्ट, सायीची.

खाली येते. समोरच्या बेकरीचं शटर अर्धं वर.
पूर्वी मी आठला यायचे, झोपायच्या आधी,
गरम पाव हे माझं रात्रीचं जेवण.
बेकरीवाली ओर्तेन्सिया विचारते,
आज हा पाव काय, शेवटचा की पहिला?
मला सांगता येत नाही.
ती एक जास्तीचा टाकते पिशवीत.

नवव्या दिवशी दुपारी
टायरांच्या चळतीवर डोळा लागला.
फोरमननं बघितलं, तोंड फिरवलं.
त्या रात्री टक्क जागी.
कागदाप्रमाणे मी पुन्हा पहिल्या ओळीवर.

खड्ड्यात दोन ते पाच, दर वीस मिनिटांनी
कंट्रोल रूममधून निबाल्दो रेडिओवर विचारायचा:
सत्तेचाळीस, जागी आहेस?
मी म्हणायचे, जागी आहे.
उत्तर आलं नाही तर भोंगा, दिवे,
सगळ्या रांगेतले ट्रक जागच्या जागी थांबायचे.
माझ्या पाळीत तसं कधी झालं नाही.
याचा मला अभिमान होता. अजून आहे.

हे मी एलिसेओला परवा सांगितलं,
भांडी पुसताना, सहज.
तो काही बोलला नाही.

आज सकाळी कॉफी ओतताना म्हणाला,
रात्री मी पाणी प्यायला उठलो होतो,
तीन वाजून दहा मिनिटं.
तुला विचारलं, सत्तेचाळीस, जागी आहेस?

मग?

दोनदा विचारलं.

बाहेर पान्याचा आवाज आला, लांबून,
मग बंद झाला,
मग चार घरं पलीकडे पुन्हा.