एक्सफॅट

लॅमिंग्टन रोडला, जिना चढून डावीकडे,
मुर्तझाभाईंनी पप्पांची डिस्क माझ्या मॅकला लावली.
शिवडीच्या फ्लेमिंगोंची चौदा वर्षांची मोजदाद
सरसर उघडली.
शेवटची ओळ रिकामी.
मी तारीख टाकली, तर ती सेव्हच होईना.

"इथे वाचता येतं, लिहिता येत नाही,"
चष्मा कपाळावर ढकलत ते म्हणाले.
"दोन्हीकडे चालवायची तर फॉरमॅट मारावा लागेल.
आतलं सगळं जाईल. कॉपी आहे ना?"

होती. दोन होत्या.
तरी मान हलायला वेळ लागला.

कटिंग निवला. पट्टी भरली.

आता उन्मेषच्या विंडोजवरही उघडेल, माझ्याकडेही,
आणि लिहिता येईल.
लिहायला आकडा मात्र नाही.

शनिवारी भरती किती वाजता,
उन्मेषला विचारते.
दुर्बीण त्याच्याकडे आहे.