मागच्या शिंगाचं टोक

बाहेर शेहेचाळीस. पेटीत उणे वीस.
पात्याखाली उंदराचा मज्जारज्जू,
गोठलेला, उदबत्तीच्या काडीहून थोडा जाड.
वीस मायक्रॉनचा एकेक काप
ब्रशच्या टोकानं उलगडायचा, श्वास धरून,
नाहीतर कांद्याच्या पापुद्र्यासारखा
उडून जातो पंख्याकडे.

काचेवर काप टेकला की फुलपाखरू दिसतं,
असं पुस्तकात आहे.
मी बहादरपूरची. मला बैलांचं डोकं दिसतं.
पुढची शिंगं रुंद, बोथट,
उचला-ठेवायचं काम त्यांच्याकडे.
मागची निमुळती, पार काठापर्यंत गेलेली;
चटका, काटा, विंचू,
सगळं त्यांच्या टोकाशी आधी येतं.

निळा उजेड टाकला
की नेमकी टोकंच पेटतात,
पोळ्याला हिंगूळ लावल्यासारखी.
फक्त हा हिंगूळ हिरवा.
पहिल्या थरात एक पट्टा, दुसऱ्याच्या आतल्या काठाला आणखी एक,
मधल्या नळीभोवती फिकट कडं.
पुढच्या शिंगांत तुरळक ठिपके.
वहीत मी रिसेप्टर लिहिते.
मनात म्हणते, कान.

हे कान तेलाचे निरोप ऐकतात.
ते तेल कुठल्या बरणीत भरून ठेवलेलं नसतं.
कळ आली, फार आली,
की ऐकणारी पेशी स्वतःच्याच भिंतीतून
थेंबभर स्निग्ध काढते
आणि उलट्या वाटेनं बोलणारीकडे धाडते:
पुरे. पोचलं. आता हळू.
त्यातल्या एका रेणूच्या नावात चक्क आनंद आहे.
परदेशातल्या कुणाला हा शब्द
आपल्याकडून उचलावासा वाटला.

हे मी लोटनअप्पांना सांगितलं.
सासूचे भाऊ. अमळनेरला तेलाच्या मिलमध्ये अडतीस वर्षं.
अंगठा आणि बोटात चोळून सांगायचे,
सरकी, शेंगदाणा, करडई,
आणि कुणी कशात काय मिसळलंय तेही.
मागच्या वर्षी डाव्या बरगडीवर नागीण उठली.
फोड गेले, खपल्या गेल्या,
आग तिथंच राहिली.
बनियन सोसत नाही. वारा सोसत नाही.
शेवभाजीचं ताट पुढ्यात आणि माणूस
डावा हात अंगापासून लांब धरून बसलेला,
पंख ओला झालेल्या कोंबडीसारखा.

सगळं ऐकून घेतलं त्यांनी.
मग म्हणाले,
“मन्ही पाठमा तेल शे?
मंग दुखस कसाले?”

मला उत्तर येत होतं, म्हणजे पुस्तकातलं.
की तोच निरोप तुटला, तर उरलेल्या तुकड्यातून
दुसरी द्रव्यं होतात,
आणि त्यांचेही कान त्याच टोकाशी, त्याच थरांत,
कळ वाढवणारे.
फुंकर आणि निखारा एकाच चरबीतून.
मी घाबरतच सांगितलं.
अप्पांना नवल वाटलं नाही.
घाणी तापली की त्याच दाण्याचं
तेल कडू उतरतं, म्हणाले,
त्यात दाण्याचा काय दोष.
आणि मामींना हाक मारली, पंखा बंद कर.

आज छातीच्या सहाव्या पातळीचे काप.
अप्पांची बरगडी हिशेबानं इथंच येते.
हा उंदीर म्हणजे अप्पा नाहीत, मला कळतं;
तरी काचेच्या कोपऱ्यात ‘डावी’ लिहिताना
पेन्सिल जरा हलकी धरली.

डावं टोक उजळलं.
उजव्याहून कमी की जास्त,
ते नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं नसतं, मोजायचं असतं,
आणि मोजायला वेळ थोडा:
निळ्या उजेडात फार पाहत राहिलं
तर तो हिरवा हळूहळू विझतो.
म्हणून फोटो घ्यायचा
आणि शटर लगेच पाडायचं.

अप्पांच्या उघड्या पाठीकडेही
मी फार वेळ पाहत नाही.