घट

कॉस्टिंगला अडतीस.
चाळीस लागतात.
निकाल मी मिलच्या काट्याजवळ उभ्यानंच पाहिला,
काट्यावर तेव्हा एकसष्ट किलोचं पोतं होतं,
ते आधी लिहून घेतलं.

सुपडूभाऊंनी विचारलं, ‘कितलं कमी पडनं?’
‘दोन.’
‘क्विंटल?’

जळगावच्या एमआयडीसीत आलेली तूर
सरळ डाळ होत नाही.
आधी चाळणी. मग रोलरवर नुसती साल ओरखडतात,
तेल चोळतात, रात्रभर ढीग झाकून ठेवतात,
मग गच्चीवर मे महिन्याचं ऊन.
तरी पहिल्या फेरीत बरीचशी गोटाच राहते.
ती परत वर चढवायची. परत तेल, परत ऊन.
हे चार वर्षं पाहत होते मी,
आणि धडा मात्र एकदाच वाचायचे,
पिवळ्या पेननं रंगवायचे,
पान पिवळं झालं की आलं असं धरायचे.

शंभर किलोमागे बहात्तर डाळ,
बाकी चुनी, कोंडा, उडालेलं पाणी.
पुस्तकात याला नॉर्मल लॉस म्हणतात.
पेपरात हाच प्रश्न होता, दहा मार्कांचा,
जवळपास माझ्याच रजिस्टरमधला.
घरचाच आहे म्हणून शेवटी ठेवला.
व्हेरियन्सशी पाऊण तास झटत बसले
आणि घंटा झाली.

आता भिंतीवर टाइमटेबल नाही.
दहाचा भोंगा, एकचा भोंगा, मधले तीन तास.
गोदामाशेजारची खोली, कॅल्क्युलेटर,
जुनी प्रश्नपत्रिका, दहापर्यंत पालथी.
पुस्तक बाहेर, सुपडूभाऊंच्या ताब्यात.
ते वाचत नाहीत,
पण मागितलं तर देतही नाहीत.
चुकांची वही वेगळी आहे.
कोंडा निदान गुरांसाठी विकला जातो,
या वहीला गिऱ्हाईक मीच.
ज्योत्स्ना नेहेते पुण्याहून फोनवर सांगते,
तीन चॅप्टर सरळ सोडून दे.
यावर आमचं अजून पटलेलं नाही.

काल एकचा भोंगा झाला
तेव्हा वर्किंग नोट अर्धीच होती.
पेन खाली ठेवलं.
सुपडूभाऊंनी पुस्तक आणून दिलं,
मुखपृष्ठावर तेलाचा अंगठा.
कोऱ्या राहिलेल्या पानाकडे बघत म्हणाले,
‘तूर शे, कोंडा ते निंघीच.’

मी सुटलेला प्रश्न पुन्हा वाचला.
या वेळी सुटला होता
तो मला न येणारा होता.